सतराव्या शतकातले युरोपीय राजे, शास्त्रज्ञ आणि धर्मचिंतक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात राजे एका धड्यात भेटतात, शास्त्रज्ञ दुसऱ्यात आणि धर्मसुधारक तिसऱ्यात. प्रत्यक्षात ही मंडळी एकमेकांची नातेवाईक होती, एकमेकांच्या पगारावर होती, रात्र रात्र जागून एकमेकांना पत्रं लिहीत होती आणि वेळ आली की एकमेकांना तुरुंगातही टाकत होती. वाचकांचे प्रश्नही बहुधा या तीन धड्यांच्या हद्दीवरचेच असतात.

खिडकीतून माणसं फेकल्यामुळे तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं, हे खरं का?

फेकली, हे खरं. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट सरदारांचा घोळका शिरला आणि मार्तिनित्स व स्लावाता या पवित्र रोमन सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना त्यांनी खिडकीबाहेर लोटलं. स्लावाता चौकटीला लटकून राहिला, तेव्हा शस्त्राच्या मुठीने त्याची बोटं ठेचली. पाठोपाठ चिटणीस फाब्रिशियुसलाही ढकललं. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो त्या वेळी खोलीत होता. खिडकी जमिनीपासून सुमारे सत्तर फूट उंच, तरी तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, पवित्र मरियेने वरच्यावर झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, कसली मरिया, खाली उकिरडा होता! चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, तीही ‘उंचावरून पडलेला’ अशा अर्थाच्या किताबासकट. सम्राटाच्या दरबारात विनोदबुद्धी शिल्लक होती म्हणायची.

भांडण मात्र जुनं होतं. बोहेमियाची, म्हणजे प्रागभोवतालच्या राज्याची, प्रजा बहुतांशी प्रॉटेस्टंट आणि गादीवर कॅथलिक हाब्सबुर्ग घराणं. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने १६०९ मध्ये प्रजेला धर्मस्वातंत्र्याचं फर्मान लिहून दिलं होतं. त्याच्या माघारी ते कुरतडणं सुरू झालं. एका गावातलं प्रॉटेस्टंट चर्च बंद केलं, दुसऱ्या गावातलं पाडलं, आणि सरदार बिथरले. त्यांनी हाब्सबुर्गांना झुगारून पॅलाटिनेट या जर्मन संस्थानाच्या पाचव्या फ्रेडरिकला राजा केलं. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ पांढऱ्या टेकडीवरच्या लढाईत काही तासांतच त्याचं राज्य संपलं. एकच हिवाळा टिकलेला म्हणून त्याला ‘हिवाळी राजा’ हे कुचेष्टेचं नाव पडलं, ते कायमचं. हे नाव ध्यानात ठेवा, त्याची मुलंबाळं खाली भेटणार आहेत.

युद्ध १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापर्यंत चाललं. लढाई, उपासमार आणि रोगराई मिळून ४५ ते ८० लाख माणसं गेली, असे अंदाज आहेत.

ते धर्मयुद्ध होतं, तर कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने कसा?

कारण फ्रान्सचा कारभार पाहणारा रिशेल्यू हा अंगात कार्डिनलचा झगा आणि डोक्यात हाब्सबुर्गांची धास्ती असलेला माणूस होता. एका बाजूला स्पेन, दुसऱ्या बाजूला जर्मनी, दोन्हीकडे हाब्सबुर्ग. हा वेढा फोडायचा तर शत्रूच्या शत्रूला पैसा पुरवायला हवा. म्हणून १६३१ मध्ये स्वीडनचा ल्युथरपंथी राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याला त्याने तनखा बांधून दिला आणि १६३५ मध्ये फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. तह झाला तेव्हा पोप दहाव्या इनोसंटने त्याचा कडक निषेध केला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

गॅलिलिओला चर्चने जाळलं ना?

नाही. जाळला तो इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो, १७ फेब्रुवारी १६०० रोजी, रोमच्या भर चौकात. त्याच्यावरच्या आरोपांत ख्रिस्ताचं देवत्व नाकारणं वगैरे बऱ्याच गोष्टी होत्या. विश्व अनंत आहे हे त्याचं मत त्यांपैकी एक. गॅलिलिओ १६४२ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या आपल्या घरात वारला. फक्त त्या घरातून बाहेर पडायची त्याला मुभा नव्हती.

खटल्यामागची हकिगत ‘चर्च विरुद्ध विज्ञान’ या तीन शब्दांत मावत नाही. १६१६ मध्ये रोमने, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत बंदी घातली. कार्डिनल बेलार्मिनोने गॅलिलिओला बोलावून समज दिली की पृथ्वी फिरते हे सत्य म्हणून मांडू नकोस. १६२३ मध्ये माफेओ बार्बेरिनी पोप झाला, आठवा उर्बान या नावाने. हा गॅलिलिओचा जुना चाहता, त्याच्या स्तुतीत कविता रचलेला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओ रोमला गेला आणि पोपने त्याला सहा वेळा भेट दिली. गॅलिलिओला वाटलं, आता आपले दिवस आले.

१६३२ मध्ये त्याचा संवादरूपी ग्रंथ फ्लॉरेन्समध्ये छापून आला. भाषा लॅटिन नव्हे, इटालियन, म्हणजे बाजारातला माणूसही वाचणार. देव सर्वशक्तिमान आहे, तेव्हा त्याने सृष्टी कशी चालवली हे माणूस छातीठोक सांगू शकत नाही, हा पोपचा लाडका मुद्दा होता. गॅलिलिओने तो ग्रंथात घातला खरा, पण सिंप्लिचिओच्या तोंडी, म्हणजे अख्ख्या पुस्तकात ज्याची टर उडवली आहे त्या पात्राच्या तोंडी. पोप भडकला. त्यात वेळही वाईट. त्याच वर्षी मार्चमध्ये स्पॅनिश कार्डिनल बोर्जा भर सभेत पोपवर तुटून पडला होता की तुम्ही पाखंड्यांशी मऊ वागता. अशा वेळी दरबारातल्या एका गणितज्ञाला पाठीशी घालणं उर्बानला परवडणारं नव्हतं.

२२ जून १६३३ रोजी गॅलिलिओने गुडघे टेकून आपलं मत मागे घेतलं. यातनांची धमकी होती, प्रत्यक्ष यातना दिल्या नाहीत, अंधारकोठडीही नव्हती. दहांपैकी तीन कार्डिनलांच्या सह्या निकालपत्रावर नाहीत. शिक्षेचा एक भाग म्हणून तीन वर्षं दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रं म्हणायची होती. ती म्हणायची जबाबदारी त्याच्या मुलीने, मारिया चेलेस्तेने, स्वतःवर घेतली. ती आर्चेत्रीच्याच मठात नन होती. वडिलांची कॉलर धुऊन इस्त्री करून पाठवणारी, त्यांच्या माघारी घरातल्या वाइनच्या पिंपांचा आणि बागेतल्या फळांचा हिशेब कळवणारी. तिची १२४ पत्रं आज उपलब्ध आहेत, त्याची तिला गेलेली एकही नाहीत. १६३४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती गेली. गॅलिलिओच्या आयुष्यातली धर्मश्रद्धा समजून घ्यायची, तर खटल्याच्या कागदांइतकीच ही पत्रं वाचायला हवीत, असं माझं मत.

‘तरीही ती फिरतेच’ असं तो पुटपुटला होता का?

समकालीन पुरावा नाही. हे वाक्य छापील स्वरूपात दिसतं ते शंभराहून अधिक वर्षांनी. धर्मन्यायालयासमोर असं पुटपुटून घरी परतता आलं नसतं.

केप्लरच्या आईवर चेटूक केल्याचा आरोप होता, ही दंतकथा आहे का?

दुर्दैवाने नाही. काटरीना केप्लर ही वुर्टेमबर्गमधल्या लेओनबर्गची म्हातारी विधवा. जडीबुटी जाणणारी, जिभेने तिखट. १६१५ मध्ये एका शेजारणीने तक्रार केली की हिने दिलेल्या काढ्यामुळे मी आजारी पडले. एक बोलला की गावाला सगळं आठवतं, तशी एकेकाला आपली जुनी दुखणी आठवू लागली. १६२० मध्ये तिला अटक झाली. सत्तरी उलटलेली बाई चौदा महिने साखळदंडात होती.

योहानेस केप्लर तेव्हा सम्राटाचा गणिती होता. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे त्याने १६०९ मध्येच मांडलं होतं, तिसरा नियम १६१९ मध्ये छापला होता. हातातलं काम टाकून तो बायकापोरांसह दक्षिण जर्मनीत आला आणि आईचा बचाव स्वतः उभा केला. साक्षींमधल्या विसंगती एकेक करून दाखवल्या, प्रत्येक दुखण्याचं साधं वैद्यकीय कारण दिलं. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून धमकावण्यात आलं. ती म्हणाली, काय करायचं ते करा, कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली आणि सहा महिन्यांत मेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खटला चालवणारे ल्युथरपंथी होते आणि केप्लरही ल्युथरपंथीच. तोही साधासुधा नव्हे, पाद्री व्हायचं म्हणून ट्युबिंगेनला शिकलेला. ग्राझमधून कॅथलिकांनी त्याला हाकललं, कारण तो ल्युथरपंथ सोडेना. लिंझमध्ये ल्युथरपंथीयांनी त्याला प्रभुभोजनाला बसू दिलं नाही, कारण पंथाच्या श्रद्धांच्या जाहीरनाम्यातलं एक कलम त्याला पटत नव्हतं आणि न पटलेल्यावर तो सही करेना. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे पुष्कळ असतात. याला दोन्ही दगडांवरून खाली ढकललं.

राजे लोक शास्त्रज्ञांना पैसा का देत? त्यांना विज्ञानात रस होता का?

काहींना होता. बहुतेकांना भविष्य, नकाशे, तोफा आणि मिरवायला काहीतरी हवं असायचं. गॅलिलिओ हे पक्कं ओळखून होता. जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसताच त्याने त्यांना टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचं नाव देऊन टाकलं आणि काही महिन्यांत त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कोसिमोच्या दरबारी नोकरी पदरात पाडून घेतली. आकाशात आपलं नाव चमकतंय म्हटल्यावर कोणता ड्यूक नाही म्हणेल?

पगार ठरणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. केप्लरचे पैसे सम्राटाच्या खजिन्याकडे सतत थकलेले असत. १६३० मध्ये थकबाकीच्या मागे रेगेन्सबुर्गला गेला असतानाच तो तापाने वारला. त्याची कबरही युद्धात नाहीशी झाली.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर याने १६६६ मध्ये विज्ञान अकादमी काढली आणि बोलोन्याहून कासिनी, हॉलंडहून हॉयगेन्स असे बाहेरचे हिरे घसघशीत तनख्यावर आणले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला १६६२ मध्ये सनद दिली, नाव दिलं, पैसा मात्र नाही. हे लोक बसून हवेचं वजन करतात म्हणून तो खो-खो हसला, अशी नोंद सॅम्युएल पीप्सने रोजनिशीत केली आहे. खिशात खडखडाट असलेल्या या सोसायटीने १६८६ मध्ये माशांवरचा एक भलामोठा सचित्र ग्रंथ छापला. तो विकला गेला नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरचा ‘प्रिन्सिपिया’ छापायला पैसे उरले नाहीत आणि खर्च एडमंड हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. हॅली सोसायटीचा पगारी कारकून होता. त्याचा पगार कसा दिला? त्या न खपलेल्या माशांच्या ग्रंथाच्या प्रती देऊन.

राजाश्रयाशिवायही चालत असे, हेही सांगायला हवं. डेल्फ्टचा लेवेनहूक हा कापडवाला, लॅटिन न येणारा. भिंगं स्वतः घडवायचा आणि थेंबभर पाण्यात काय वळवळतं ते डच भाषेतल्या पत्रांतून लंडनला कळवायचा. उलट राजेच त्याच्याकडे यायचे. १६९८ मध्ये रशियाचा पीटर आला, त्याला याने जिवंत ईल माशातलं रक्ताभिसरण दाखवलं.

राजा देवाचा प्रतिनिधी होता, तर इंग्रजांनी स्वतःच्या राजाचं मुंडकं कसं उडवलं?

त्याच प्रश्नावरून तर यादवी युद्ध झालं. पहिला चार्ल्स मानायचा की राजा फक्त देवाला जबाब देतो. संसद म्हणायची, कर बसवायचा तर आम्हाला विचारा. त्यात स्कॉटलंडवर प्रार्थनेची नवी पोथी लादण्याचा हट्ट त्याने केला आणि १६३७ पासून आग लागत गेली. जानेवारी १६४९ मध्ये त्याच्यावर खटला चालला. शेवटपर्यंत तो एकच विचारत राहिला की मला इथे उभं करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ जणांनी सह्या केल्या.

३० जानेवारीला कडाक्याची थंडी होती. चार्ल्सने दोन सदरे अंगात घातले, कारण थंडीने कुडकुडलो तर लोकांना वाटेल घाबरला. व्हाइटहॉलच्या मेजवानी महालातून त्याला बाहेरच्या मचाणाकडे नेलं. त्या महालाच्या छतावर रुबेन्सची चित्रं आहेत. मध्यभागी चार्ल्सचा बाप, पहिला जेम्स, स्वर्गात जाताना दाखवलाय. ही चित्रं चार्ल्सनेच रुबेन्सकडून काढवून घेतली होती.

यानंतर राजा नको म्हणणाऱ्यांचं राज्य अकरा वर्षं चाललं. त्यात संसदेच्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला, जवळजवळ राजाच. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परतला आणि बापाच्या बाराव्या स्मृतिदिनी क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आलं. त्याचं तोडलेलं मुंडकं पुढे हातोहात फिरत राहिलं. केंब्रिजच्या एका कॉलेजात ते पुरलं गेलं १९६० मध्ये.

मुंबई आंदण दिली ती याच दुसऱ्या चार्ल्सला का?

याच. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटला होता आणि त्याला बळकट मित्र हवा होता. १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा, भलीमोठी रोकड, टँजियर आणि मुंबई बेट असं सगळं चार्ल्सला देऊ केलं. लग्न १६६२ मध्ये लागलं. कॅथरीन कॅथलिक, त्यामुळे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या, विधीने तिचा राज्याभिषेक कधीच झाला नाही. मुंबईही लगेच मिळाली नाही. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी शक्य तितकी खळखळ केली आणि १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला. चार्ल्सला ती ब्यादच वाटली. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकाला नजराणा घेऊन रायगडावर गेलेला हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहूनच निघाला होता.

त्या काळच्या कुणा युरोपीय धर्मचिंतकाचा मराठीशी थेट संबंध आहे का?

आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक पाद्री होणं म्हणजे गळ्यात दोर अडकवून घेणं, म्हणून तो रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक संघाचा सदस्य, झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. इथे त्याने संतांच्या ओव्या इतक्या बारकाईने ऐकल्या-वाचल्या की बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. बेलार्मिनो गॅलिलिओला समज देत होता तेच हे वर्ष, आणि बेलार्मिनोही जेझुइटच. त्याच गोव्यात धर्मन्यायालयाचा अंमल होता, हे विसरून मात्र स्टीफन्सचं कौतुक करू नये.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

हिवाळी राजाच्या घरात शोधा. फ्रेडरिकची बायको एलिझाबेथ स्टुअर्ट ही मुंडकं उडवलेल्या चार्ल्सची सख्खी बहीण. राज्य गेल्यावर हे कुटुंब हेगमध्ये उसनवारीवर जगत होतं. मुलं तेरा.

थोरल्या मुलींपैकी एक एलिझाबेथ. १६४३ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, तिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारलं की आत्म्याला जर आकारमान नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा? मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं आहेत या देकार्तच्या सिद्धांताचं मर्मच तिने पकडलं होतं. तो पत्रामागून पत्र लिहून उत्तर देत राहिला. तिचं समाधान झालं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तत्त्वज्ञांचं अजून झालेलं नाही. १६४४ चा ग्रंथ त्याने तिलाच अर्पण केला. एका कॅथलिक राजाकडून तिला मागणी आली होती, पण धर्म बदलावा लागेल म्हणून तिने नाकारली. पुढे हेरफोर्डच्या प्रॉटेस्टंट मठाची ती प्रमुख झाली आणि जिथेतिथे हाकलल्या गेलेल्या पंथांना तिथे आसरा दिला. विल्यम पेन हा क्वेकर, म्हणजे अशाच एका छळ सोसणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचा माणूस, तिला भेटायला गेला होता.

धाकटी सोफी हानोव्हरची राज्यकर्ती झाली. तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझ तिच्या पदरी होता आणि दोघांच्या गप्पा पत्रांतून वर्षानुवर्षं चालल्या. तिचा मुलगा पुढे इंग्लंडचा पहिला जॉर्ज. भाऊ रूपर्ट चार्ल्स मामासाठी घोडदळ घेऊन लढला आणि म्हातारपणी विंडसरच्या किल्ल्यात प्रयोगशाळा थाटून बसला. आणखी एक भाऊ कार्ल लुडविग. तो तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या उत्तरात येईल.

देकार्त स्वीडनच्या राणीमुळे मेला का?

न्यूमोनियाने मेला. राणी क्रिस्टिना ही लढाईत पडलेल्या गुस्ताव्ह अडॉल्फची मुलगी. तिने १६४९ मध्ये देकार्तला स्टॉकहोमला बोलावलं. आयुष्यभर सकाळी अकरापर्यंत अंथरुणात विचार करणारा हा माणूस, आणि शिकवणीची वेळ पहाटे पाच, तीही स्वीडनच्या हिवाळ्यात. फेब्रुवारी १६५० मध्ये तो गेला. चार वर्षांनी क्रिस्टिनाने गादी सोडली, कॅथलिक झाली आणि रोमला जाऊन राहिली. ज्या राजाने प्रॉटेस्टंटांसाठी प्राण दिला, त्याची मुलगी पोपच्या सेंट पीटर्समध्ये पुरलेली आहे.

स्पिनोझाला वाळीत का टाकलं?

२७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. वय तेवीस. ठरावात शाप भरपूर, ‘भयंकर मतं’ असा उल्लेख, पण मतं कोणती ते लिहिलेलं नाही. त्याच्या पुढच्या लेखनावरून अंदाज बांधता येतो. देव म्हणजे निसर्गच, तो चमत्कार करत नाही, आणि बायबल हे माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. समाजाची भीतीही समजण्यासारखी होती. ही कुटुंबं पोर्तुगालच्या धर्मन्यायालयातून जीव वाचवून आलेली. हॉलंडने राहू दिलं होतं, पण आपल्यातला एक जण नास्तिकपणा पसरवतो अशी बोंब झाली असती तर?

तो भिंगं घासून पोट भरू लागला. १६७० मध्ये त्याचा धर्म आणि राज्य यांवरचा ग्रंथ निघाला, लेखकाचं नाव न घालता, प्रकाशनस्थळ खोटं टाकून. १६७३ मध्ये कार्ल लुडविगने, म्हणजे हिवाळी राजाच्या त्याच मुलाने, हायडेलबर्गला प्राध्यापकी देऊ केली. विचार करायची पूर्ण मोकळीक, फक्त प्रस्थापित धर्माला धक्का लागू नये. स्पिनोझाने नम्रपणे कळवलं की ही मोकळीक नेमकी कुठे संपते ते मला ठाऊक नाही, सबब क्षमस्व. सावधगिरीला कारण होतं. त्याच्या वर्तुळातला आड्रियान कुरबाख अशीच मतं साध्या डच भाषेत लिहून बसला आणि १६६९ मध्ये तुरुंगात मेला. हॉलंडची सहिष्णुता वाखाणताना कुरबाखचं नाव कुणी घेत नाही.

पास्कलने विज्ञान सोडून संन्यास घेतला, हे बरोबर का?

अर्धवट. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबारा त्याला जो अनुभव आला, तो त्याने एका कागदावर उतरवला: आग, आनंद, अश्रू; तत्त्वज्ञांचा नव्हे, अब्राहामाचा देव. कागद कोटाच्या अस्तरात शिवला. १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराच्या हाताला तो लागला. त्या रात्रीनंतर तो पोर्ट-रॉयल मठाच्या जानसेनपंथी, म्हणजे कॅथलिकांतल्याच एका कडक पंथाच्या, मंडळींच्या जवळ गेला, पण गणित पुरतं सुटलं नाही. मरणाच्या वर्षी त्याने पॅरिसमध्ये पाच सूमध्ये (सू हे किरकोळ नाणं) कुणीही बसावं अशी ठरावीक मार्गाची घोडागाडी सुरू केली. जेझुइटांची खिल्ली उडवणारी त्याची पत्रं लुईने जाळायला लावली. पोर्ट-रॉयलचा मठही पुढे लुईने जमीनदोस्त केला.

चौदाव्या लुईने विज्ञानासाठी एवढं केलं, मग शास्त्रज्ञ फ्रान्स सोडून का गेले?

ऑक्टोबर १६८५ मध्ये त्याने नांतचं फर्मान रद्द केलं. प्रॉटेस्टंटांना १५९८ पासून मिळालेलं संरक्षण एका सहीने गेलं. त्याआधीच त्यांच्या घरांत घोडेस्वार राहायला पाठवून धर्मांतराची सक्ती चालू होती. सुमारे दोन लाख माणसं देशाबाहेर पडली, त्यांत विणकर, घड्याळजी, छापखानेवाले. ब्रांडेनबुर्ग या जर्मन संस्थानाने त्यांना लगोलग आवतण धाडलं. हॉयगेन्स प्रॉटेस्टंट, तो पॅरिसला परतला नाही. वाफेच्या दाबावर काम करणारा देनी पापँ बाहेरच अडकला. संभाव्यतेच्या गणितात नाव काढणारा द म्वाव्र लंडनच्या कॉफी हाउसांत शिकवण्या करून जगला. बोसुए बिशपने मात्र या निर्णयाबद्दल राजाची तोंड भरून स्तुती केली.

न्यूटन नास्तिक होता का?

उलट. गुरुत्वाकर्षणापेक्षा कितीतरी जास्त पानं त्याने बायबल आणि किमयाशास्त्रावर खर्च केली. अडचण होती ती त्याच्या श्रद्धेच्या प्रकाराची. चौथ्या शतकात चर्चने त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत घुसडून मूळ धर्म बिघडवला, या निष्कर्षाला तो पोहोचला होता. ख्रिस्ताला देव म्हणून पूजणं त्याच्या लेखी मूर्तिपूजा होती. राहायचा कुठे, तर ट्रिनिटी, म्हणजे ‘त्रैक्य’, नावाच्या कॉलेजात! तिथल्या नियमाने त्याला पाद्र्याची दीक्षा घ्यावी लागली असती. १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ल्युकेशियन प्राध्यापकाला, म्हणजे न्यूटनच्याच पदाला, त्यातून सूट दिली आणि त्याची सुटका झाली.

तो जन्मभर गप्प बसला, ते शहाणपणाचंच होतं. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यातून त्रैक्य नाकारणाऱ्यांना वगळलं होतं. १६९७ मध्ये एडिंबरात टॉमस एकनहेड या विशीच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेबद्दल फाशी दिलं. न्यूटनची धार्मिक टिपणं १९३६ मध्ये लंडनच्या लिलावात विकली गेली. त्यांचा मोठा भाग आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला ना?

दोन वेगळी कॅलेंडरं मिसळली तरच. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, हे पोप ग्रेगरीच्या नव्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, हे इंग्लंडच्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. पोपचं कॅलेंडर कशाला, म्हणून इंग्लंडने ते १७५२ पर्यंत घेतलंच नाही. दोन्ही तारखा नव्या पद्धतीने लिहा, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३. दोन्ही जुन्या पद्धतीने लिहा, तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१. शिवाय इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे चार्ल्सचा शिरच्छेद त्या काळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ असा सापडतो. तेव्हा सतराव्या शतकातली इंग्लंडची तारीख दिसली की फ्रान्स-इटलीशी जुळवताना दहा दिवस मिळवा, आणि जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर वर्षही तपासून घ्या.